सुटलेल्या हातच्या कुरडया

गोदावरीची पाळी गेली तेव्हा घरात कोणी पेढे वाटले नाहीत, पण वाटले असते तरी चाललं असतं, इतका त्या गोष्टीचा धंद्याला फायदा झाला.

रायपुरातल्या गुढियारीच्या त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, उन्हाळ्यात कुरडया, सरगुंडे आणि उडदाचे पापड करून विकणारी चार मराठी घरं होती. चारही रेल्वेच्या मागं मागं भंडारा-गोंदियाकडून आलेली. चारही घरांत महिन्यातले चार दिवस काम अडायचं. बाजूला बसलेल्या बाईचा हात लागला की पापड लाल पडतो, कुरडई तेलात फुलत नाही, आणि डब्यात अळ्या होतात, हे शास्त्र गोदावरीची सासू शांताबाई हिला तोंडपाठ होतं. तिचं वय चौऱ्याहत्तर, दात अकरा, आणि घरातल्या कुठल्या बाईचा कितवा दिवस आहे हे तिला त्या बाईच्या आधी कळे. पाळी कायमची थांबलेल्या बाईला ती 'सुटलेली' म्हणे. सून सुटली तेव्हा तिनं ही बातमी गिऱ्हाइकांना अशी सांगितली, जशी एखाद्या मिलवाल्यानं नवी मशीन बसवल्याची सांगावी. आता आमच्याकडे महिन्याचे तीसही दिवस सोवळ्याचा माल, असं ती म्हणे. चारातल्या तीन घरांचं गिऱ्हाईक त्या वर्षी हिच्याकडे वळलं.

गिऱ्हाईकही साधं नव्हतं. रायपूर राजधानी होऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती, तरी सगळे तिला नवीच म्हणत, आणि नव्या राजधानीच्या नव्या कचेऱ्यांतून नागपूर-पुण्याकडची शिकलेली मराठी माणसं येऊन बसली होती. त्यांतल्या विनोदिनीताई एका सरकारी संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. पाण्यातले जंतू तपासणं हे त्यांचं काम. दर उन्हाळ्यात त्यांची पंचवीस किलोची ऑर्डर असे. फोनवर मीठ कमी घाला, हिंग चांगला घाला, असं सगळं खणखणीत सांगून झालं की त्या आवाज खाली आणून विचारत, "सुटलेल्या बाईच्याच हातच्या ना?"

दोन वर्षं हे ठीक चाललं. तिसऱ्या वर्षी माघात, एका सकाळी, एखादा निवृत्त बाबू एक्स्टेंशन घेऊन परत खुर्चीवर यावा तसं गोदावरीचं रक्त परत आलं.

तिला पहिल्यांदा आठवला तो गहू. भरून ठेवलेली दोन पोती. आपल्याला काही झालं असेल हे तिच्या मनातही आलं नाही; आपला शब्द खोटा पडला एवढंच आलं. ती गप्प राहिली. कापडं पहाटे धुवून ओल्या लुगड्याखाली वाळवू लागली. रक्त चार दिवस येई, आठ दिवस जाई, मग दोन दिवस येई. त्याला तारीख नव्हती की तिथी. फाल्गुनात कंबर धरायला लागली. चैत्रात जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. सासूनं विचारलं तर ती म्हणे, ऊन आहे. ऊन होतंच. चव्वेचाळीस अंशांत कोणाचंही कारण खपून जातं.

कौमुदी सिस्टर आली ती वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी, भर अकरा वाजता. पाऱ्याच्या टोकाला सरकारी आरोग्य केंद्र होतं. पूर्वी तिथं रेशनचं दुकान होतं, आता नवा बोर्ड होता. सिस्टर मूळची वर्ध्याची, बाप रेल्वेत, नोकरी रायपुरात. बावन्न वर्षांची, पायात कापडी बूट, खांद्यावर दोन पिशव्या. वरून हुकूम आला होता की तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तपासणी करायची, गर्भाशयाच्या तोंडाची आणि छातीची. आणि त्याआधी घरोघर जाऊन एक फॉर्म भरायचा. फॉर्मवर चौदा प्रश्न होते.

गच्चीवर खाटांवर पातळं अंथरून कुरडया घातलेल्या होत्या. गोदावरी त्या उलटत होती. तिची सून राधिका खाली नळावर होती. शांताबाई दाराच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत होती. सिस्टरनं प्रश्न विचारले गोदावरीला आणि उत्तरं दिली शांताबाईनं. मुलं किती, एक. तंबाखू, नाही. गुडाखू, नाही. (दातांना लावायच्या त्या तंबाखूची, गुडाखूची, डबी शांताबाईच्याच कमरेला होती, पण प्रश्न सुनेबद्दल होता.) सातवा प्रश्न होता, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का.

"इची पाळी दोन वर्षं झाले सुटली," शांताबाई म्हणाली. "साऱ्या रायपूरले माहीत आहे."

"मी यायले विचारून राहिली," सिस्टर म्हणाली.

गोदावरीनं कुरडई उलटली. "नाही," ती म्हणाली.

सिस्टरनं 'नाही'वर खूण केली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिला एवढं कळत होतं की सासूच्या देखत भरलेला फॉर्म हा सासूचा फॉर्म असतो. आणि तरी तिनं तो तिथंच, गच्चीवर, सासूच्या देखत भरला होता, कारण संध्याकाळपर्यंत असले तीस भरायचे होते. मग तिनं पिशवीतून सुई काढली. रक्त किती आहे ते पाहायचं, सगळ्यांचंच पाहते, असं म्हणून गोदावरीचं बोट टोचलं. थेंब यायला वेळ लागला. आला तो लाल कमी आणि गुलाबी जास्त. यंत्रावर आकडा आला साडेसहा; हवा होता बारा.

सिस्टरनं यंत्र दोनदा हलवून पाहिलं. यंत्राचा दोष नव्हता. तिनं गोदावरीची खालची पापणी ओढली. आत कुरडईसारखा पांढरा रंग होता. तिनं शांताबाईकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाली की कुरडया छान दिसतात, मलाही दोन किलो हव्यात.

"घेऊन जा," शांताबाई म्हणाली.

"आत्ता नाही. उन्हात कुठं नेऊ? मंगळवारी दवाखान्यात आणून द्या. पण बाईनंच आणावं. दुसऱ्या कोणाच्या हातून आलेलं मी घेत नाही."

हे सोवळं शांताबाईला पटलं.

शनिवारी विनोदिनीताईंच्या ऑर्डरीचा गहू भिजला. कुरडईचा गहू भिजत टाकला की घराचं पंचांग ठरून जातं: तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी संध्याकाळी वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा, आणि पहाटे वरचं पाणी ओतून तो शिजवायचा. शनिवारचा गहू म्हणजे बुधवारची पहाट. एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. चीक आंबला तर ओतून देण्याशिवाय गती नाही.

मंगळवारी सकाळी गोदावरी कुरडयांची पिशवी घेऊन केंद्रावर गेली. आतल्या खोलीत एक लोखंडी टेबल, एक पडदा आणि पडद्याच्या दोरीला मधोमध एक गाठ. बाहेरच्या बाकावर पाच-सहा बाया बसल्या होत्या आणि जी ती दुसरीला सांगत होती की मी फक्त बीपी पाहायला आले. सिस्टरनं पिशवी टेबलावर ठेवली, दार लावलं आणि तोललीदेखील नाही.

"कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

गोदावरी पडद्याच्या गाठीकडे पाहत राहिली. बाहेर कोणीतरी पंख्याचं बटण दाबून पाहत होतं. पंखा फिरत नव्हता.

"माघापासून."

"कोणाले सांगितलं?"

"तुमालेच."

सिस्टरनं तिला टेबलावर चढवलं. टेबल थंड होतं, एवढ्या उन्हात त्याला ते कसं जमलं कोण जाणे. व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी लावून, दिवा धरून सिस्टर पाहत राहिली. गोदावरीनं डोळे मिटले आणि छपराच्या पत्र्यावर माकडं किती आहेत ते आवाजावरून मोजलं. तीन होती. दुखलं नाही, लाज मात्र पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली आणि तिथं जागा न मिळाल्यानं परत आली.

आत शेंगदाण्याएवढं लाल काहीतरी होतं आणि कापूस लागताच त्यातून रक्त येत होतं. बाजूला एक पांढरट डागही होता. सिस्टरनं हे काही लपवलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही. म्हणाली की हे काय आहे ते मला इथून सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासतात. पाळी एकदा गेल्यावर रक्त आलं तर ती पाळी नसते. वाईट असेलच असं नाही, पण पाहायलाच पाहिजे. डॉक्टरीणबाई फक्त बुधवारी बसतात आणि उद्यानंतर महिनाभर रजेवर आहेत.

"उद्या चीक घाटायचा आहे," गोदावरी म्हणाली.

"सून नाही काय?"

"ती आजच बाजूला बसली."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं उभ्या आयुष्यात नाही म्हणण्याची पुष्कळ कारणं ऐकली होती. नवरा परवानगी देत नाही, देवीचा उपास आहे, म्हैस व्यायला झाली आहे. पण हे तिला नवं होतं, आणि मराठी असल्यामुळे ते तिला पूर्ण समजतही होतं, हे जास्त वाईट.

गोदावरीनं विचारलं की कागदावर रक्ताचं लिहिलंच पाहिजे का. सिस्टर म्हणाली, लिहिलं नाही तर तिकडं तुम्हाला बीपीच्या रांगेत उभं करतील. तिनं लिहिलं. मग म्हणाली, "उद्या साडेसातले मी पानठेल्यापाशी ऑटो घेऊन उभी राहीन. आठपर्यंत राहीन. तुम्ही नाही आल्या तर मी समजून जाईन का पंचवीस किलो कुरडया झाल्या."

संध्याकाळी गोदावरीनं गहू वाटला. राधिका ओट्यापासून चार हात दूर, आपल्या वेगळ्या चटईवर बसून मोबाइल पाहत होती. तिला या चार दिवसांचं फारसं दुःख नव्हतं. गोदावरीनं चीक गाळला, पातेली झाकली. नवरा हरिदास मालधक्क्यावर मुकादम होता. तो आला, जेवला, आणि उद्या सिमेंटची रेक लागणार म्हणून आडवा झाला. कागद तिच्या पोलक्यात होता. घामानं त्याची घडी मऊ झाली होती. जायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. महिन्यानं जाऊ. महिन्यानं गहू संपलेला असेल.

पहाटे अंगणातल्या चुलीवर पाणी उकळलं. मीठ पडलं, हिंग पडला, आणि गोदावरीनं चिकाची धार सोडली. चीक पातळ असतो तोवर ते बायकांचं काम वाटतं. घट्ट होऊ लागला की ते मालधक्क्यावरच्या हमालाचं काम होतं. दोन्ही हातांनी लाकडी घाटा धरायचा, पाय रोवायचे आणि पातेल्याच्या तळापासून ओढायचं. हात थांबला की गाठी झाल्या. शांताबाई पाटावर बसून पाहत होती. राधिका दूर चटईवर जांभया देत होती.

तिसऱ्या-चौथ्या ओढीला गोदावरीच्या डोळ्यांपुढे काळं आलं, गेलं. पुढच्या ओढीला पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मांडीवरून गरम उतरलं. तिनं खाली पाहिलं नाही. तिला अचानक एक साधी गोष्ट दिसली: पातेलं एवढं मोठं आहे, ते संपायला दोन तास लागतील, आणि ती दोन तास उभी राहणार नाही. ती पडेल. पडली तर चिकात पडेल.

घाटताना मान वर करावी लागत नाही, हे एक बरं होतं.

"आत्याबाई," ती पातेल्याकडे पाहत म्हणाली, "माघापासून मले रक्त जाऊन राहिलं."

शांताबाई पाटावर पुढं सरकली. चीक बुडबुडला.

"म्हणजे या साली केला तो सारा माल?" तिनं विचारलं.

"सारा."

"होळीचे पापड?"

"तेबी."

"लाल पडले काय?"

"नाही."

"अन् कुरडया फुलल्या?"

"फुलल्या. पाहिल्या ना तुम्ही."

शांताबाईनं कमरेची डबी काढली, उघडली, आणि काही न घेता बंद केली. चटईवर राधिकानं मोबाइल उलटा ठेवला होता.

"मी छत्तिसाव्या वर्षी सुटली होती," शांताबाई म्हणाली.

"माहीत आहे."

"तसं मी सांगितलं होतं. तुह्या मामंजींच्या बहिणीचं लगन होतं, घरात काम करणारी दुसरी बाई नव्हती, अन् मही सासू मले नेमकी पापडाच्या दिवशी गोठ्यात बसवे. थंडी होती. मी म्हटलं, मही सुटली. तिनं साऱ्या गावाले सांगितलं. मंग कशी फिरू?"

"अन् खरी कवा सुटली?"

"पन्नासाव्या." तिनं हिशेब बोटांवर न करता सांगितला, तो तिचा पूर्वीच झालेला होता. "चवदा वर्षं. देवाचा नैवेद्यबी त्यातच आला."

हे सगळं ऐकून आकाशात काही झालं नाही. एक कावळा खाटेवर येऊन बसला आणि त्याला हाकलायला कोणाला सुचलं नाही.

मग शांताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चटईकडे वळली. "तू काय पाहून राहिली? उठ. हात धू अन् घाटा धर."

"आजी, मेरा तो आज दूसरा दिन है," राधिका म्हणाली.

"चिकाले काय माहीत?"

राधिका उठली. गोदावरीनं घाटा तिच्या हातात दिला, आणि तेव्हा शांताबाईला सुनेच्या पायाच्या घोट्यावरची लाल रेघ दिसली. तिनं स्वतःच्या पदरानं ती पुसली. वाकायला तिला बराच वेळ लागला. पुसताना ती म्हणाली की मला वाटत होतं ही म्हातारी होऊन राहिली, म्हणून पांढरी दिसते. गोदावरीनं पोलक्यातला कागद काढून दाखवला. शांताबाईला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. तिनं वेळ विचारली. सव्वासात झाले होते.

पानठेल्यापाशी ऑटो उभा होता आणि कौमुदी सिस्टर त्यात बसून पेपरानं वारा घेत होती. तिनं सरकून जागा दिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल भैया, गड्ढे देखके."

मोठ्या दवाखान्यात चार खिडक्या आणि तीन मजले झाले. दुपारी हरिदासला निरोप गेला. तो सिमेंटनं पांढरा झालेला तसाच आला. गार्डनं त्याला हे लेडीज आहे म्हणून दोनदा बाहेर काढलं आणि एकदा सहीसाठी आत बोलावलं. त्यानं कागद वाचला नाही, सही केली, आणि बायकांच्या बाकाच्या अगदी टोकाला, अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत, अडीच तास बसून राहिला. गोदावरी बाहेर आली तेव्हा त्याच्या हातात नारळपाणी होतं. काय झालं, हे त्याला विचारायचं होतं. "स्ट्रॉ आहे," तो म्हणाला.

घरी आली तर गच्चीभर कुरडया होत्या. कुठली चंद्रासारखी गोल, कुठली छत्तीसगडच्या नकाशासारखी. शेवटच्या रांगेत मात्र राधिकाचा हात बसला होता. शांताबाईनं दिवसभर साचा भरून दिला होता आणि तिच्या केसांना चीक लागलेला होता.

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. त्यातली एक राधिकाच्या नवऱ्यानं, विशालनं दिली. पंडरी बाजारातल्या ज्या कापड दुकानात तो कामाला होता तिथून त्यासाठी अर्धी सुट्टी घेतली आणि परत जाऊन दंडावरची पट्टी सगळ्यांना दाखवली. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. शेंगदाणा साधा होता, तो त्यांनी काढूनच टाकला होता. पांढऱ्या डागात बदल सुरू झाला होता, पण तो वरवरचा होता, आत गेला नव्हता. रजेवरच्या बाईंच्या जागी आलेल्या डॉक्टरणीनं तो जागच्या जागी जाळला आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. दोन-तीन वर्षं असंच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असंही ती म्हणाली. कौमुदी सिस्टरनं आपल्या फॉर्मवरच्या सातव्या प्रश्नाची 'नाही'वरची खूण खोडली, 'हो'वर केली आणि खाली सही केली. मग तिला वरच्या कचेरीतून विचारणा झाली की खाडाखोड का.

पुढच्या रविवारी विनोदिनीताई गाडी घेऊन आल्या. गोदावरी अंगणात खाटेवर होती. सहा दिवस उचल-ठेव करायची नाही असं सांगितलेलं होतं. डबे भरून तयार होते. ताईंनी एक डबा उघडला, एक कुरडई उन्हात धरली आणि म्हणाल्या की यंदा जरा जाड आहेत.

शांताबाईनं सुनेकडे पाहिलं. आता काय सांगायचं ते तू सांग, अशा अर्थाचं ते पाहणं होतं, आणि घरात पहिल्यांदाच होतं.

"सुनेनं केल्या ताई," गोदावरी म्हणाली. "तिचा दुसरा दिवस होता. अन् होळीले तुम्ही पापड नेले ते मी केले होते. मलेबी तेव्हा रक्त जात होतं. आतून तुकडा काढला दवाखान्यात. आता बरी आहे. माल नको असेल तर राहू द्या, राग नाही."

विनोदिनीताईंनी कुरडई परत डब्यात ठेवली. झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं म्हणून पुन्हा काढून लावलं. राधिका आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि दारातच थांबली. ताई खाटेच्या कडेवर बसल्या, साडीची नीट घडी मोडू न देता, आणि फोनवरच्या त्या खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "दुखतं का हो फार?"

गोदावरीनं त्यांच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस-शेहेचाळीसची बाई. डोळ्यांखाली काळं.

"तुमचं कवापासून आहे?" तिनं विचारलं.

ताईंनी दाराकडे पाहिलं. राधिका ग्लास खाली ठेवून आत गेली. शांताबाई, जिला घरातलं कुठलंही बोलणं चुकवणं माहीत नव्हतं, काठी घेऊन उठली आणि नसलेले कावळे हाकायला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"दिवाळीपासून," ताई छातीशी पदर धरत म्हणाल्या. "गाठ आहे. इथं, डाव्या बाजूला. बारीकच आहे. मला वाटलं कामाच्या गडबडीत..."

"घरी सांगितलं?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"दुखत नाही ताई. टेबल थंड असते, तेवढंच," गोदावरी म्हणाली. "उद्या सकाळी या. तपासणीच्या मंगळवारची वाट पाहू नका. सिस्टरले मी सांगून ठेवते. गाडी पानठेल्यापाशी लावा, आत गल्लीत वळत नाही. मी उभी राहीन."

डबे विशालनं गाडीत ठेवले. ताईंनी सगळे नेले.